मला न दिसलेला चेंडू

पूर्णा जंक्शन,
मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १८७६

तीर्थस्वरूप विष्णुकाका यांच्या पायांवर दिनकरचे डोके. (साष्टांग नमस्कार न लिहिता नुसते डोके लिहिले, याचे कारण पुढे येईल. पुढच्या सगळ्या मजकुराचा संबंध माझ्या डोक्याशीच आहे.)

तीर्थस्वरूप काकूंना माझा व प्रमोदिनीचा नमस्कार सांगावा. इकडे आम्ही दोघेही खुशाल आहोत. आपला उजवा गुडघा या थंडीत कसा आहे? निर्गुडीच्या पाल्याचा शेक चालू असेलच. पेडगावची ज्वारी एव्हाना निसवली असेल, यंदा पाखरांचा त्रास कितपत आहे तेही कळवावे. दसऱ्यानंतर आपण पूर्ण्याला येऊन गेलात, त्यानंतर मी दोन पत्रे घातली, पण आपल्याकडून उत्तर नाही. आपला राग मी ओळखतो. लहानपणी तो पाठीवर येत असे आणि लगेच संपत असे. आता तो पोस्टानेसुद्धा येत नाही, म्हणून जास्त लागतो. या पत्रात मागणे काहीही नाही, हे आधीच सांगतो. त्या दिवशी माळावर आपण मला ज्या अवस्थेत पाहिलेत (म्हणजे खाकी अर्धी चड्डी, दोन्ही पाय उघडे आणि हातात साहेबाची काठी), तिचा खुलासा करावा, एवढाच हेतू आहे. वाचताना मध्ये राग आला तर पाणी पिऊन पुढे वाचावे.

आमचे हशमत अली साहेब आपण पाहिलेत, पण आपले बोलणे झाले नाही. ते इथले असिस्टंट इंजिनियर. निजामाची रेल्वे असताना इथे आले. मग पोलीस अॅक्शन झाली, रेल्वे सरकारजमा झाली, स्टेशनावरच्या पाट्या खरवडून नव्या रंगवल्या, दफ्तरातल्या भिंतीवरची तसबीर बदलली, पण तसबिरीखालच्या खुर्चीवर साहेब तेच राहिले. त्यांच्या बरोबरीचे मात्र सगळे पांगले. कोणी हैदराबादला घर धरून राहिले, कोणी त्याहूनही लांब गेले. लोको शेडच्या मागचा तो माळ या मंडळींनी मिळून कधीकाळी गोल्फ नावाच्या खेळासाठी राखला होता. आता त्यावर साहेब संध्याकाळी एकटेच चेंडू मारीत आणि एकटेच त्याच्यामागून चालत जात. मी त्यांच्या दफ्तरात हेडक्लार्क. एके दिवशी एका तातडीच्या कागदावर सही हवी होती म्हणून फाईल घेऊन माळावर गेलो आणि काका, तिथेच मी कामातून गेलो.

काय पाहिले ते सांगतो. साहेब शरीराने किती किरकोळ आहेत ते आपण पाहिलेच आहे. चार पावले चालले की दम लागतो. त्यांनी जमिनीत बोटभर लांबीची लाकडी खुंटी रोवली आणि तिच्यावर लिंबाएवढा पांढरा चेंडू ठेवला. ज्या काठीने तो मारायचा, तिला ड्रायव्हर म्हणतात. (पूर्ण्यात ड्रायव्हर म्हटले की कोळशाने माखलेला गडी डोळ्यांपुढे येतो, म्हणून खुलासा करतो: ही लांब दांड्याची काठी असते आणि टोकाला मुठीएवढे गुळगुळीत लाकडी डोके.) साहेबांनी ती काठी सावकाश खांद्यामागे नेली. जगात कुणालाच कसली घाई नाही, अशी नेली. मग ती खाली आली. टक्क असा एक कोरडा आवाज झाला आणि खुंटीवर चेंडू नव्हता. मी आपला आजूबाजूच्या गवतात शोधू लागलो. साहेब म्हणाले, "ऊपर देखो, मियाँ." (साहेबांनी मला वर बघायला सांगितले ते तेवढेच एकदा. त्यानंतर आजपर्यंत खाली बघायलाच सांगत आहेत.) मी वर पाहिले. चेंडू बाभळींच्या वर होता, इंजिनाच्या धुराच्या वर होता, धुराच्या वर घारी फिरत होत्या त्यांच्याही वर होता आणि अजून चढतच होता. मग तो थांबला. शपथेवर सांगतो काका, वर पोचल्यावर तो क्षणभर थांबला. सूर्य मावळतीला होता, त्यामुळे खाली माळावर सावली आणि त्या एवढ्याशा चेंडूवर मात्र ऊन. मग तो उतरू लागला, तोही पडल्यासारखा नाही, आपल्या मर्जीने. आपण मला ध्रुवाची गोष्ट सांगितली होती, अढळपदाची, तेव्हा मी मान डोलावली होती, पण विश्वास काही बसला नव्हता. तो त्या संध्याकाळी बसला. माझ्या डोळ्यांत पाणी आले. कागदावर सही घ्यायची राहूनच गेली.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना म्हणालो की मला हे शिकवा. आपल्या घराण्यात पंचांग, पाढे आणि पौरोहित्य यापलीकडे कोणी हात चालवलेला नाही, हे मला माहीत होते. साहेब हसले नाहीत. त्यांनी लगेच दुसरी काठी आणवली, तेव्हा माझ्या लक्षात आले की ते बरेच दिवस कोणीतरी विचारावे म्हणून वाट बघत होते.

पहिल्या दिवशी मी धोतरावर गेलो. काठी मागे नेली, खाली आणली आणि वाटेत तिने धोतराचा सोगा बरोबर घेतला. चेंडू जागेवर राहिला आणि मी जागेवरून गेलो. अर्ध्या चड्डीला कारण हे आहे, हौस नव्हे. त्यानंतरचे प्रकार किती सांगावेत? कधी काठी चेंडूच्या वरून जाई आणि नुसता वारा घाले. कधी चेंडूच्या अलीकडे काळ्या मातीत घुसे, मग ढेकूळ लांब जाई आणि चेंडू खुंटीवरून खाली उतरून तिथेच बसे. कधी लागलाच, तर उजवीकडे असा वळे की थेट लोको शेडच्या पत्र्यावर जाऊन वाजे आणि आतली माणसे बॉयलर फुटला म्हणून बाहेर धावत. एकदा तो आमच्या क्वार्टरच्या अंगणात प्रमोदिनीने बाजेवर वाळत घातलेल्या सांडग्यांत जाऊन पडला आणि दिवसभर त्यांच्यातच वाळला. (प्रमोदिनी तेव्हापासून वाळवण घराच्या पलीकडच्या बाजूला घालते. तिकडे ऊन कमी आहे, पण तिचे म्हणणे की सांडगे ओले राहिलेले परवडतील.)

माळावर कासाबाई नावाची धनगरीण मेंढ्या चारते. मेंढ्यांमुळे गवत आखूड राहते, म्हणून साहेबांनीच तिला चराईची मुभा दिली आहे. तिचा एक एडका माझ्या वाटेत येऊन एकदा चेंडू खाऊन बसला (म्हणजे अंगावर), तेव्हापासून मी काठी उचलली की तो शिंगे खाली करून पवित्रा घेतो. कासाबाई धोंड्यावर बसून सगळे बघत असते. पहिल्याच आठवड्यात तिने मला विचारले, "मालक, भुईनं काय केलंय वो तुमचं? कामून मारायलाव तिला?" मी तिला समजावून सांगितले की मारायचे चेंडूला आहे. ती म्हणाली, "मग त्याला सांगा की तसं. त्याला ठावं न्हाई." मी चेंडू पुन्हा खुंटीवर ठेवला.

आता खरी गोम सांगतो. नुसते जमत नाही असे असते तर मी केव्हाच सोडून दिले असते, जसे हार्मोनियम सोडले. पण मधूनच एखादा बरा लागे. साहेबांच्या पाव अंतरावर जाई, पण हवेतून जाई. मग वाटे की आले! त्या दिवशी मी पाय किती फाकले होते, अंगठा कुठे होता, श्वास घेतला होता की सोडला होता, सगळे आठवून ठेवी. दुसऱ्या दिवशी तंतोतंत तसेच करी आणि काठी पुन्हा मातीत. एका शनिवारी मारुतीला तेल घालून गेलो तर चेंडू चांगला गेला, पुढच्या शनिवारी जास्त तेल घातले तर खुंटीच मोडली. पूर्वेला तोंड करून पाहिले, जानवे कानाला लावून पाहिले (हे साहेबांना समजावून सांगताना फार त्रास झाला). कचेरीत रूळ घेऊन सराव करताना दौत उडवली. साहेबांचा इलाज मात्र पहिल्या दिवसापासून एकच. "नीचे देखो, मियाँ. गेंद कू देखो, आसमान कू नक्को." चेंडू जाईपर्यंत मान वर करायची नाही, जाऊन गेला तरी करायची नाही. एवढेच शास्त्र आहे.

आणि तेवढेच मला जमेना. कारण काका, मी चेंडू मारायला उभाच राहत नव्हतो, मी तो बघायला उभा राहत होतो. त्या पहिल्या संध्याकाळी जे पाहिले, ते माझ्या हातून झालेले एकदा बघावे, एवढ्यासाठी तर सगळा खटाटोप. म्हणून काठी खाली येता येताच माझी मान वर जाई, मान गेली की खांदा जाई, खांदा गेला की काठी मातीत. डोळे आभाळात आणि चेंडू पायाशी. जो वर बघतो त्याचा चेंडू जात नाही आणि ज्याचा जातो तो खाली बघत असतो. हे ज्याने नेमून दिले आहे, त्याच्यापुढे मी हात जोडतो.

आता त्या दिवसाविषयी. आपण नांदेडला बारशाला जाता जाता अचानक उतरलात आणि घरी प्रमोदिनीने सांगितल्यावर सरळ माळावर आलात. पेडगावात आपल्या कानावर काय गेले होते ते मला नंतर कळले: दिनकर अर्ध्या चड्डीत साहेबाबरोबर चेंडू खेळतो, संध्या सोडली, आता टोपी बदलायची तेवढी राहिली आहे. (संध्या सोडलेली नाही. थोडी लवकर आटपतो.) आपण मला तिथून कानाला धरून नेण्यासाठीच आला होतात, याबद्दल मला शंका नाही आणि तक्रारही नाही. वडील गेल्यावर आपणच मला वाढवलेत, कान आपलाच आहे.

मी काठी खांद्यामागे नेली होती. त्याच वेळी डोळ्याच्या कोपऱ्यात, उजव्या बाजूला, दोन वहाणा येऊन थांबल्या. अंगठ्याचा पट्टा सुतळीने शिवलेला. दुसरे काही बघायची गरज नव्हती. काका, त्या क्षणी माझे जे झाले ते लिहिणे कठीण आहे. आपल्यासमोर उघड्या पोटऱ्यांनी मी लहानपणीसुद्धा उभा राहिलेलो नाही. काठी खाली ठेवावी तर ती आधीच वर गेलेली, पळावे तर एडका मागे. मी फक्त एकच केले, जे आपण समोर आलात की आयुष्यभर करत आलो आहे. मान खाली घातली. इतकी खाली की हनुवटी छातीला लागली. चेंडूवर लिहिलेली अक्षरे दिसू लागली. आणि काठी आपली आपण उतरली.

हाताला काहीच लागले नाही. इतके दिवस मनगटाला झिणझिण्या येत असत, त्या दिवशी लोण्यातून बोट फिरवल्यासारखी काठी निघून गेली. आवाज मात्र झाला, तोच तो कोरडा टक्क. खुंटी रिकामी होती. मी वर बघितले नाही. कसे बघणार? वहाणा तिथेच होत्या. धडा चुकला की मी आपल्यासमोर उभा राहत असे, तसाच उभा राहिलो. मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजायच्या थांबल्या. नंतर साहेब अगदी हळू, स्वतःशीच म्हणाले, "सुभानल्ला." मागून कासाबाईचा आवाज आला, "आगं माय! गेलं की वो! आभाळात शिरलं!" आणि सगळ्यांत शेवटी आपण म्हणालात, "हं." वहाणा वळल्या आणि गेल्या. आपण घरी येऊन जेवलात, प्रमोदिनीला आशीर्वाद दिलात, माझ्याशी एक शब्द न बोलता गाडीत बसलात.

तो चेंडू सापडला नाही. साहेब म्हणतात, नदीकडच्या उताराला गेला असेल, असा टोला त्यांनी निजामाच्या काळातही पाहिला नव्हता. कासाबाई म्हणते, "म्या तितंच बगत हुते मालक, त्ये खाली आलंच न्हाई." तिने ही गोष्ट साऱ्या पूर्ण्याला सांगितली आहे. बाजारात अनोळखी माणसे मला थांबवून तो चेंडू किती उंच गेला ते मलाच हात करून दाखवतात. मी मान डोलावतो. सगळ्यांनी पाहिला, एडक्यानेही पाहिला असावा, एकट्या मला दिसला नाही. आणि ज्यांच्या बोलण्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला असता, ते आपण नुसते "हं" म्हणालात. आपल्या "हं"चे सगळे प्रकार लहानपणापासून माझ्या ओळखीचे आहेत (चूक, पुन्हा चूक, बरे, आणि जेवायला चल). हा त्यांतला नव्हता. यात थोडा श्वास अडकल्यासारखा झाला होता. तो कशामुळे, याचा विचार करून माझी झोप गेली आहे.

त्या दिवसानंतर चेंडू पुन्हा मातीत. उलट आता जास्त मातीत, कारण मला येते हे मला माहीत झाले. शेवटी प्रमोदिनीनेच ओळखले. ती म्हणाली, "काकांसमोर तुमची मान कधी वर झाली आहे का?" मी आठवून पाहिले. नाही झाली. लहानपणापासून आपण विचारायचे आणि मी आपल्या पायांकडे बघून उत्तर द्यायचे. काका, स्पष्ट लिहितो, आपला चेहरा आठवायला गेलो तर आधी पाय येतात. डाव्या अंगठ्याचे वाकलेले नख, घोट्यावरचा विळा लागल्याचा वण, पावसाळ्यात भेगांना लावलेले मेण. हे सगळे मी न बघता काढून दाखवीन. चेहरा मात्र नीट येत नाही. यात अनादर नाही, हा आदरच आहे, पण तो थोडा कमी केला असता तर बरे झाले असते असे हल्ली वाटते.

मग आम्ही काही प्रयोग केले, त्यांची माफी आताच मागतो. कासाबाईला सांगून ठेवले की मी काठी उचलली की ओरडायचे. ती ओरडली, "मालक, काका आलं वो!" चेंडू बरा गेला. दुसऱ्या दिवशी ती तशीच ओरडली तर मी स्टेशनाच्या दिशेला वळून बघू लागलो आणि काठी माझ्याच नडगीवर बसली. मग प्रमोदिनीने आपले इथे राहिलेले उपरणे काढून दिले. ते बाभळीच्या फांदीवर घातले आणि मी त्याला मनोभावे नमस्कार करून उभा राहिलो. चेंडू लोको शेडच्या बाजूला न जाता सरळ गेला! पण उपरणे किती दिवस काका होणार? मनाला एकदा कळले की ते कापूस आहे, की मान पुन्हा वर. शिवाय ते कासाबाईच्या एका मेंढीने पाहिले. काकूंनी प्रमोदिनीला परभणीच्या लग्नात विचारले होते की उपरणे सापडले का. सापडले आहे. त्याची एक कड थोडी कमी आहे.

हे सगळे मी हसत लिहितो आहे, पण हसू येत नाही. हशमत अली साहेब या महिन्याअखेर रिटायर होतात. हैदराबादला बहिणीकडे जातील. माळावर नवे क्वार्टर बांधायचा हुकूम आला आहे, चुन्याच्या रेघाही पडल्या. दत्तजयंतीनंतरच्या रविवारी सकाळी साहेबांच्या निरोपाचा खेळ आहे. सिकंदराबादहून मोठे अंमलदार येणार, त्यांच्यात साहेबांच्या ओळखीचे जुने कोणी नाही, सगळे नवे. पहिला चेंडू मारायचा मान साहेबांचा. तो त्यांनी मला दिला. मी पुष्कळ नाही म्हणालो. ते म्हणाले, "मेरे बाद यहाँ कुछ नहीं रहता मियाँ, मकानाँ बन जाते. एक बार और देख लेतूँ, फिर जातूँ." इतक्या वर्षांत त्या माणसाने माझ्याकडे मागितलेले हे एवढेच. सगळ्या नव्या साहेबांसमोर माझे ढेकूळ उडाले तर ते हसतील, हसू देत. माझे हसे व्हायची मला सवय झाली आहे. पण ज्याने कोणी उरले नाही म्हणून एका कारकुनाला आपली विद्या दिली, तो त्या माळावरचा शेवटचा चेंडू म्हणून मातीचे ढेकूळ बघून गाडीत बसेल, हे मला सहन होणार नाही.

असो. आपल्याला त्रास देण्याचा विचार नाही. मोठ्यांनी आपला वेळ असल्या पोरकटपणात घालवावा, असे मी स्वप्नातही म्हणणार नाही. खुलासा करायचा तो केला. काकूंनी प्रकृतीला जपावे, आपण गुडघ्याला जपावे, दोघांचा हात आमच्या डोक्यावर राहावा. माझे डोके त्यासाठी खालीच आहे.

आपला आज्ञाधारक,
दिनकर

ता. क. त्या रविवारी सकाळची पॅसेंजर पेडगावला वेळेवर येते. परभणीला थोडी थांबते, पिंगळीचे स्टेशन घेत खेळ सुरू होण्याआधी पूर्ण्याला पोचते. मी स्टेशनावर उभा असेन. वहाणा त्याच घालाव्यात, सुतळीच्या, नव्या नकोत. उभे राहायची जागा माझ्या उजव्या हाताला, तिथे कासाबाई धोंडा ठेवणार आहे आणि एडका बांधणार आहे. आपण काही बोलायचे नाही, रागावले असल्यास राग तसाच घेऊन यावे, कामाला येईल. साहेबांच्या वतीने हात जोडतो.

आणखी ता. क. चेंडू गेलाच तर तो मला याही वेळी दिसणार नाही, हे मी धरून चाललो आहे. पुढे माळच राहणार नाही, तेव्हा कधीच दिसणार नाही. साहेबांची नजर आता लांबचे धरत नाही, ते आवाजावरून ओळखतात. कासाबाईचा चेंडू आभाळातून खाली येतच नाही. म्हणून आपण बघावे. किती वर गेला, वर थांबला का, त्याच्यावर ऊन होते का, ते बघावे आणि या वेळी "हं"वर न थांबता मला सांगावे. आपण सांगाल ते मी पाहिले असेच समजेन.

शेवटचा ता. क. हे लिहू की नको असे करत पाकीट चिकटवले होते, ते पुन्हा उघडले. काकूंनी परभणीच्या लग्नात प्रमोदिनीच्या कानात आणखीही एक गोष्ट सांगितली. की गुडघा उत्तम आहे, आणि आपण नांदेडहून परतल्यापासून रोज पहाटे परसात कवठाच्या झाडाखाली जाता, हातातली काठी उलटी धरता आणि पडलेले कवठ मारता. कवठ जागचे हलत नाही, माती मात्र उडते, आणि आपण तिथेच आभाळाकडे बघत उभे राहता. काका, लहान तोंडी मोठा घास होतो, पण यातले थोडेसे मला कळते म्हणून लिहितो. आपण वर बघता. माझेही तेच होते. आणि आपली अडचण माझ्याहून मोठी, कारण आपण मान खाली घालावी असे वडीलधारे आता आपल्यापुढे कोणी राहिले नाही. रविवारी माझा चेंडू झाला की काठी आपल्या हातात देणार आहे, साहेबांची इजाजत घेतली आहे. आपण फक्त चेंडूकडे बघा, मान वर करू नका. त्या वेळी मी मान वर करीन. कुठवर गेला, ते मी सांगेन.